राखून ठेवलेला डाव

संगमेश बिराजदारांचे दोन्ही कान मोडलेले आहेत. सोलापुरात असे कान दिसले की लोक समजून घेतात, हा माणूस कधीकाळी तालमीच्या मातीत घुसळून निघालाय. होटगी रस्त्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक जळालेली मोटार टेबलावर ठेवतं, कानांकडे बघतं आणि विचारतं, पैलवान होता का? संगमेश म्हणतात, होतो थोडा, आणि पक्कड शोधायला लागतात. पक्कड समोरच असते.

आता ‘थोडा’ हे काही खरं नव्हे. वयाच्या अकराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ते शिवलिंगप्पा वस्तादांच्या तालमीत होते. त्यानंतर सव्वीस वर्षं झाली, एकदाही गेले नाहीत. का, ते बायकोला, म्हणजे भुवनेश्वरीबाईंना, पाठ होतं. वर्षातून दोनदा तरी जेवताना ती कहाणी निघायची आणि भाजी गार व्हायची.

घरात पुन्हा कुस्ती शिरली ती त्यांच्या मुलीमुळे, आणि तीही अगदी वेगळ्याच दाराने. शिवानी चोवीस वर्षांची, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करणारी. दर रविवारी दुपारी तिच्याकडे दोघं यायचे: अकलूजची ऋतुजा, जी इथे फिजिओथेरपिस्ट आहे, आणि टेंभुर्णीचा पृथ्वीराज, जो बँकेत आहे. हॉलमधल्या सतरंजीवर कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र फासे पसरायचे. पहिले दोन महिने संगमेशना वाटलं, ही घोडी झालेली पोरं व्यापार खेळतायत. खेळ निराळाच होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, शिवानीने गोष्ट सांगायची, पात्रापुढे संकट उभं करायचं, आणि पात्राला जे करायचं ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फजिती.

एका रविवारी संगमेश आत पेपर वाचत पडले होते. बाहेरून पृथ्वीराजचा आवाज आला, माझ्या मागे उभ्या असलेल्या दरोडेखोराचा मी पट काढतो. फासा पडला, अठरा आले, शिवानीने दरोडेखोर आडवा झाला म्हणून जाहीर केलं. संगमेश पेपर हातात घेऊनच बाहेर आले.

“पट समोरच्याचा काढतात, त्याच्या मांडीला हात घालून. मागच्याचा काढायला तुझे हात काय पाठीला लावलेत का?”

पृथ्वीराज ओशाळला. शिवानीने मात्र खेळाचं जाडजूड पुस्तक बापापुढे धरलं. त्यात हातघाईच्या लढाईच्या शैलींचं एक अख्खं प्रकरण होतं. कुणाची लाथांची शैली, कुणाची माकडासारखी उड्या मारायची, कुणाची झिंगल्यासारखं झोकांड्या खात फटके चुकवायची. प्रत्येकीला दोन-दोन पानं, चित्रांसकट. कुस्तीला अडीच ओळी: धरणे, ढकलणे, खाली पाडणे. संगमेशना असा राग आला, जसा लग्नपत्रिकेत घरच्याच माणसाचं नाव वगळल्यावर येतो. ढकलणे? बारा वर्षं त्यांनी काय ढकलाढकली केली होती?

शिवानीला तेच हवं होतं. म्हणाली, मग अप्पा, तुम्ही सांगा, मी लिहिते, आपण कुस्तीची शैली बनवू.

पुढचे दोन महिने बापलेकीने दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, सवारी, एकेक डाव निघायचा. संगमेश सांगता सांगता उठून उभे राहायचे, कपाटाला मिठी मारून दाखवायचे. एकेचाळीस डाव झाले. आणि प्रत्येक डावाखाली त्यांनी तोड लिहायला लावली, म्हणजे तो डाव टाकणाऱ्याच्या हातून सुटायची युक्ती. डाव आहे तिथे तोड आहे, नाहीतर ती कुस्ती कसली, मारामारी झाली, असं त्यांचं म्हणणं. शिवानीने त्यावरून नियमच केला: ज्याच्यावर डाव पडला त्याला तोड येत असेल तर त्यालाही एक फासा टाकायला मिळेल. या एका नियमाने खेळ बदलला. पूर्वी दोन फाशांत मिटणारी लढत आता अर्धा-अर्धा तास चालायला लागली, आणि चहा निवला तरी कुणी हात लावेना. संगमेशनाही एक पात्र मिळालं. मैदानामागून मैदानं फिरणारा एक सडपातळ पैलवान, नाव गुरू. दुकानात मोटारीला तार भरताना ते गुरूच्या पुढच्या कुस्तीचा विचार करायला लागले, आणि एका गिऱ्हाइकाची मोटार त्यांना दोनदा भरावी लागली.

मग शेवटचं पान आलं. शिवानी म्हणाली की सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलेल्या पैलवानाला एक खास डाव मिळायला हवा. वस्ताद एक डाव राखून ठेवतो हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. तो ज्याला मिळाला त्याच्यापुढे कुणी टिकत नाही, म्हणजे त्या डावाला तोड नसणार. तर तो कुठला लिहू?

संगमेश उठले आणि गच्चीवर टाकीची मोटार बघायला गेले. मोटारीला काहीही झालेलं नव्हतं.

त्यांचं दुखणं नेमकं तिथेच होतं. शिवलिंगप्पा वस्ताद सगळ्या पोरांना सांगायचे, एक डाव अजून माझ्याजवळ हाय, वेळ आली की देईन. संगमेशना वाटायचं, ती वेळ आपली आहे. मंगळवेढ्याच्या यात्रेत शेवटच्या मानाच्या कुस्तीला ते उभे राहिले, समोर सांगलीकडचा तगडा गडी. अंगाला माती लावताना त्यांनी वस्तादांना विचारलं, आता तरी द्या. वस्ताद म्हणाले, अजून वेळ न्हाय आली. बाविसाव्या मिनिटाला संगमेशची पाठ टेकली आणि त्यांना आभाळ दिसलं.

तेवढंही त्यांनी पचवलं असतं. पण त्यानंतर महिन्याभरात एकदा ते पहाटे लवकर तालमीत गेले, तर दाराला आतून कडी. फटीतून दिवा दिसत होता. आत वस्ताद होते आणि संगमेशच्याच बरोबरीचा, तालमीतला हिंदुराव होता. दोघं हळू आवाजात बोलत होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्या मोसमात हिंदुरावाने तीन मैदानं मारली. संगमेशनी दोन आणि दोन चार केले. डाव हिंदुरावाला मिळाला. बारा वर्षं ज्याच्या शब्दाबाहेर गेलो नाही, त्या माणसाला आपण लायक वाटलो नाही. त्यांनी तालीम सोडली, मोटारीचं काम धरलं. कुणी मंगळवेढ्याची कुस्ती काढली की ते एवढंच म्हणायचे, मला डाव दिला नव्हता.

शिवानीला हे सगळं ठाऊक होतं, बोलल्यावर मग आठवलं. तिने समजुतीचा मार्ग काढला. वस्तादांचा राहू दे अप्पा, तुम्हीच एक बनवा, ज्याला तोड नाही असा. संगमेशना ते पटलं. गादी हॉलमध्ये आली, पृथ्वीराज गादीवर आला. पाच रविवारांत नऊ नवे डाव निघाले आणि पृथ्वीराजच्या कमरेला दोनदा बाम लागला. पण गंमत अशी व्हायची की डाव टाकून होतोय न होतोय तोच संगमेशच्या अंगाला त्याची तोड सुचायची. पायाची आटी घट्ट केली तर हात मोकळा राहायचा, हात बांधला तर कंबर सुटायची. नववा डावही असाच फुटला तेव्हा ते गादीवर बसकण मारून घाम पुसत राहिले.

ऋतुजा पृथ्वीराजची कंबर दाबत होती. ती सहज म्हणाली, काका, माणसाला सांधे मोजकेच. जो धरता येतो तो सोडवताही येतो. तोड नसलेला डाव बसणार कुठे?

“मग वस्तादांकडे काय होतं?” शिवानीने विचारलं.

 तो प्रश्न संगमेशना आठवडाभर चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. शनिवारी ते आपणहून शिवानीला म्हणाले, उद्या खेळ नको, वळसंगला जाऊन येऊ. ते कागद घे बरोबर.

वस्ताद आता एक्याऐंशी वर्षांचे. वळसंगला सुनेकडे, गंगम्माकडे राहतात. अंगणातल्या लिंबाखाली खुर्चीत बसलेले, उजवा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवलेला. त्यांनी आधी संगमेशचे कान बघितले, मग तोंड.

“संगू व्हय? बा, कुंद्रु,” ते म्हणाले, म्हणजे ये, बस. सव्वीस वर्षांबद्दल चकार शब्द नाही. संगमेश पाया पडले आणि जमिनीवरच बसले. गंगम्माने खुर्ची आणली ती शिवानीला मिळाली.

आपण कशाला आलो ते संगमेशना सांगता येईना, म्हणून शिवानीनेच खेळाचं सांगितलं. म्हाताऱ्याला कितपत कळलं देव जाणे, पण कुस्तीचं पुस्तक होतंय एवढं कळलं आणि ते सावरून बसले. सगळं वाच म्हणाले. शिवानी वाचत गेली. ते डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक डावाला त्यांचा खांदा किंचित हलत होता. घिश्शाच्या तोडीला त्यांनी थांबवलं, मान आधी चोरायची, मग फिरायचं, असं सुधारून घेतलं. एकेचाळीस डाव संपले.

“बराबर हाय. एवढंच,” ते म्हणाले.

“आणि राखलेला?” संगमेशनी विचारलं. आवाज त्यांच्या मनात होता त्यापेक्षा फार बारीक निघाला.

वस्तादांनी डोळे उघडले. आधी लेकीकडे, मग बापाकडे बघितलं.

“न्हवताच की रे.”

“म्हंजे?”

“माझ्या वस्तादानं मला असंच सांगितलं हुतं, मी तुमाला सांगितलं. तुला तर मी सगळं दिलं. तुझ्या बाविसाव्या वर्षीच माझ्याकडचं संपलं हुतं. संपलं म्हणून सांगितलं असतं तर तू कोल्हापूरची वाट धरली असतीस. माझी तालीम तुझ्यावर चालली हुती, संगू. मी भ्यालो.”

 संगमेशनी हिंदुरावाचं विचारलं. पहाटेचं, बंद दाराचं, दिव्याचं, सगळं एका दमात विचारलं. वस्ताद आधी गोंधळले आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला. गंगम्मा पाणी घेऊन धावली.

“त्यो माझा गुडघा शेकायला यायचा. हाच, उजवा. बसलं की उठता येत न्हवतं मला. डाव करून दाखवता येईना अशा वस्तादाकडं पोरं कशाला थांबतील? म्हणून पोरं यायच्या आत.”

लिंबाची वाळकी पानं शिवानीच्या कागदांवर पडत होती आणि ती एकेक उचलून बाजूला ठेवत होती.  बापाला तिने असं कधी पाहिलं नव्हतं. एवढा आडदांड माणूस, ओठ गच्च मिटून जमिनीकडे बघत बसलेला.

“मग मी हरलो कशानं, वस्ताद?”

“त्यो तुझ्यापेक्षा चांगला हुता. त्या दिवशी तरी हुता. तू काय चुकला न्हाईस. मी तुला हजारदा आठवलं, एक चूक न्हाय तुझी. त्यो चांगला हुता, बास.”

खरं तर हे ऐकून पैलवानाला वाईट वाटायला हवं. संगमेशच्या पाठीवर सव्वीस वर्षं कुणीतरी सवारी भरून बसलं होतं, ते उठून गेलं. आपल्याला नालायक ठरवलं नव्हतं. काही लपवलं नव्हतं. देण्यासारखं होतं ते सगळं आपल्याला मिळालं होतं, शेवटच्या डावापर्यंत, आणि तरीही समोरचा सरस निघाला होता. एवढं साधं होतं ते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी त्यांना हसूही आवरेना.

“रागावलास?” म्हाताऱ्याने भीतभीत विचारलं. “मला वाटायचं, तुला कुणीतरी खरं सांगितलं, म्हणून तू यायचा बंद झालास.”

म्हणजे इकडेही तेच चाललं होतं. संगमेशनी मानेनेच नाही म्हटलं आणि वस्तादांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. त्यानंतर गंगम्माने ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली आणि तिघांनी मिळून ती जवळजवळ संपवली. निघताना वस्तादांनी शिवानीला सांगितलं की पुस्तक झालं की मला वाचून दाखवायचं, आणि माझं नाव घालायचं असलं तर माझी काही हरकत न्हाय.

परतताना स्कूटर शिवानी चालवत होती. कुंभारीच्या पुढे आल्यावर तिने मागे न बघता विचारलं की शेवटच्या पायरीचं मग काय लिहू. संगमेश म्हणाले, ती ओळच काढून टाक, एकेचाळीस पुष्कळ झाले.

घरी भुवनेश्वरीबाई दारातच उभ्या होत्या. सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, म्हातारा काहीबाही बोलला आणि हे आणखी आंबट तोंड करून आले तर पुढची सव्वीस वर्षं काढायची कशी. संगमेश चपला काढून आत आले. पोराने पहिला नंबर काढल्यावर सांगावं तशा तोंडाने त्यांनी बायकोला सांगितलं, “अगं, मी हरलो होतो.”

“बरं झालं,” भुवनेश्वरीबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.