पुसलेला बास

पन्नाशीत बास गिटार शिकून मी मारेगावातल्या आमच्या हौशी रॉक बँडमध्ये भीतभीतच शिरलो. दर रविवारच्या सरावाचे रेकॉर्डिंग काटछाट न करता ग्रुपवर टाकायचे, हा आमचा नियम होता. एका आठवड्यात ते टाकायची पाळी माझी होती. प्रत्येक गाण्यात मीच मागे पडत होतो. हे ऐकून मला काढून टाकतील, या धास्तीने मी मोबाइलवरच्या अ‍ॅपने माझा बास पूर्ण पुसला आणि उरलेले पाठवले.

ड्रम वाजवणाऱ्या मेकॅनिकचा लगेच निरोप आला, “सर, आज पयल्यांदा जमलं पाहा. तुमचा हात आता बसून राह्यला.”

इतरांनीही अंगठे पाठवले. मी त्यात नसल्याचे एकालाही जाणवले नव्हते. कबुली तीनदा लिहून तीनदा खोडली. शेवटी “आभारी आहे” एवढेच पाठवले.