घर लाभलं

"बोकडानं पाडलं मला," केवळाबाई एकदा बोलून गेली, आणि तेवढ्या एका खोट्यापायी तिचं उरलेलं चालणं थांबलं.

खरं म्हणजे ती पडली होती न्हाणीघरात. राणीसावरगावात तिच्या लेकानं, आदिनाथनं, स्लॅबचं घर बांधलं, वैशाखात वास्तुशांत केली, आणि श्रावणात ही पडली. फरशी अशी, की वाकून बघितलं तर तोंड दिसावं. दुकानदारानं खरबरीत फरशीही दाखवली होती. "असली गोठ्यात टाकतेत," म्हणून आदिनाथनं न्हाणीतसुद्धा गुळगुळीतच बसवली. केवळाबाईचे पाय डोंगरातल्या गोट्यांवर घडलेले. नवरा मुंजाजी होता तोवर मेंढरांमागं ती पालमच्याही पुढं चालत जायची, काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू घेऊन. रानात ती कधी पडली नाही असं नाही. पण तिथं हात टेकला तर माती धरू द्यायची. न्हाणीत भिंतीला हात घातला, तर भिंतही फरशीचीच.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं. आदिनाथनं तिला उचलून खाटेवर ठेवलं आणि आधी जाऊन दार लोटून घेतलं.

"माय, न्हाणीत पडले म्हणू नको. वरीस व्हायच्या आत घरात हाड मोडलं, तर लोक म्हणतील घर लाभलं न्हाई."

"मग काय म्हणू?"

"म्हण की गोठ्यात आपल्या बोकडानं पाडलं."

दुखण्यानं तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती, तरी लेकाच्या तोंडावरची भीती तिला दिसली. घर लाभत नाही असं एकदा गावानं म्हटलं की ते धुतलं तरी निघत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. बघायला आलेल्या पहिल्या बाईला तिनं सांगितलं. दुसरीला सांगावं लागलं नाही.

तिचा दीर सिताराम आला आणि प्लास्टरकडं बघून हसला. "वैनी, जल्मभर मेंढरं हाकली, आन् शेवटी एका बोकडाला हारली व्हय!"

सगळे हसले. तीही हसली. मग सिताराम म्हणाला, असलं मारकं जनावर म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवू नये. त्या दिवशी बोकड आणि त्याच्यासंगं केवळाबाईच्या तिन्ही शेळ्या सितारामच्या शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या गोठ्यात गेल्या. हात बरा होईपर्यंत, असं ठरलं. केवळाबाईनं आदिनाथकडं बघितलं. तो खाटेची सुतळी चाचपत होता.

हात दीड महिन्यात बरा झाला. शेळ्या आल्या नाहीत.

"आन ना माझ्या शेळ्या."

"पुन्ना पाडतील."

"आरं, तुला ठावं हाय की कुणी पाडलं ते."

"हळू बोल माय, हळू."

रोज सकाळी शेळ्यांमागं माळावर जायचं, ते गेलं. खाटेवरून नुसती उठली तरी सून दैवशाला हातातलं काम टाकून ओरडायची, "आत्याबाई, पडून ऱ्हावा की! पडलात म्हंजी कोण करणार?" तिचंही खोटं नव्हतं. दीड महिना न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, ते तिनंच केलं होतं. तेव्हा पडू नये म्हणून पडून राहायचं. दिवाळीपर्यंत पिंढऱ्यांचं मांस उतरलं. उभं राहिलं की गुडघे परक्याचे वाटू लागले.

तिनं एकच मागितलं. न्हाणीत धरायला लोखंडी दांडा.

"टाइलीला भोक पाडलं की तडा जातोय, माय," आदिनाथ म्हणाला.

टाइलीला तडा जाता कामा नये. हाडं काय, जुळतात.

पौषात ती पुन्हा पडली. घरात कुणी नव्हतं. बादली भरून वाहत होती, पाणी पाठीखालून जात होतं. नळाला धरून ती कशीबशी उठली. हाड वाचलं, नळ वाकला.

"नळ कुणी वाकवला?" संध्याकाळी आदिनाथनं विचारलं.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. दुसरं खोटं तिला पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

वैशाखात गावची आशाताई शिवकन्या कागद घेऊन आली. साठीपुढचं कोण कुठं पडलं, ते सरकारी दवाखान्यासाठी लिहून न्यायचं होतं.

"मावशी, वरसभरात पडलात का?"

"एकदाच," आदिनाथ बोलला. "गोठ्यात. बोकडानं पाडलं."

शिवकन्या उठून न्हाणीत गेली आणि पाय जपत बाहेर आली. "भाऊ, मीच घसरले असते आता! दांडा बसवा तिथं. आन् मावशीला रोज चालू द्या. बसवून ठेवलेलं माणूस लौकर पडतंय. नळ कामून वाकलाय?"

"जुना हाय."

"घर नवं, आन् नळ तेवढा जुना व्हय?" ती हसली आणि खाटेवर टेकली. "मावशी, तुमीच सांगा. कुठं पडलात?"

खरं अगदी ओठावर आलं होतं. कागदावर न्हाणी लिहिली गेली की दांडा बसणार, शेळ्या परत येणार. पण लेकाचं खोटं आपण चारचौघांत उघडं पाडावं, हे तिला जमेना. ते त्याच्याच तोंडून निघावं.

"तूच सांग, बाबा," ती आदिनाथला म्हणाली. आवाजात विनवणी होती.

आदिनाथनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सांगितलं की. लिही गोठा. आन् ताई, आयतवारी देवाच्या कंदुरीचं जेवायला ये. घराला वरीस झालं, कुणाला साधी ठेच लागली न्हाई. लय लाभलं घर आमाला. त्योच बोकड कापायलोत, मायला पाडलेला."

बोकड कापायचं केवळाबाईला दुःख नव्हतं. जन्म जनावरांत गेलेला. देवाला किती कापले, किती रांधले. पण कुणी पडलं नाही म्हणून हा कापायचा, आणि त्याचं मटण तिच्याही ताटात वाढायचं.

शिवकन्येनं तिच्याकडं बघितलं आणि कागदावर लिहिलं, गोठा.

केवळाबाईनं पाय खाली सोडले.

"आत्याबाई, फरशी वल्ली हाय!" दैवशाला ओरडली.

भिंतीला तळहात लावून, एकेक पाऊल दाबत ती दाराकडं निघाली. आदिनाथ उठला. "माय, कुठं चाललीस? माय!"

तिनं मान वळवली नाही. उंबऱ्यावर दोन्ही पाय टेकवले, आणि आखाड्याच्या वाटेनं ती बाहेर पडली.