टोकातला छर्रा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, सेनगावचा हा सायकल मिस्त्री, एसटीच्या टायरात तोंडानं हवा भरल्याचं शपथेवर सांगणारा — ह्याच्यापाशी न सांगितलेलं काही उरलंच कसं? उरलंय. एकच.

गौतम सर शाळेत विज्ञान शिकवायचे. जुना कागद पेन्सिलीवर गुंडाळून वीतभर रॉकेट करायचे — तीन पंख, वर घट्ट वळलेलं टोक, टोकात कापसाचा बोळा. कागद त्यांचा, पंप माझा. हवा दाबून भरायची, खटका सोडायचा, की रॉकेट सुंऽऽ करून वर. मी गावभर सांगायचो, कालचं परभणीला चक्कर मारून आलं!

खरं म्हणजे ते पाण्याच्या टाकीच्या वर कधी गेलंच नव्हतं. आयुष्यभर एवढ्या बढाया मारल्या — एक तरी खरी व्हायला नको?

जड टोक उंच जातं, हे मला सरांनीच सांगितलेलं. आणि टोकात कापसाशिवाय काही घालायचं नाही, हेही त्यांनीच. मग काहून घातलं मी? सर पाठमोरे झाले, मी बोळा काढला आणि सायकलच्या चाकातला एक लोखंडी छर्रा आत सरकवला.

गेलं. टाकीवरून गेलं! मी नाचलो. सर मान वर करून उन्हात रॉकेट शोधत होते. ते आलं — सरळ त्यांच्या डाव्या डोळ्यावर.

सर खाली बसले. फाटक्या टोकातून छर्रा मातीत पडला. बघायला जमलेली शाळेची पोरं सरांकडे धावली. आणि मी? मी आधी छर्र्यावर पाय ठेवला. आधी पाय — मग सर.

नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं? मी म्हणालो, कागद. डोळा गेला. टोक आपणच फार घट्ट वळलं, असं सरांनी धरलं. परत कधी त्यांनी कागद गुंडाळला नाही.

एकदा दुकानात चहा पिता पिता त्यांनी विचारलंच, "मिस्त्री, त्या टोकात काई होतं का हो?"

"होतं ना सर! आख्खा ट्रॅक्टर होता, ट्रॉलीसकट!"

"मंग डायवर कुठं बसला होता, मिस्त्री?" बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सरही हसले, उरलेला डोळा पुसत. "न्हाई, माझंच चुकलं," म्हणाले आणि उठले.

कळलं ना, मी काय केलं? "होतं" म्हणालोच की! पण माझ्या तोंडचं "होतं" कुणी खरं धरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणूनच तसं बोललो.

सर आता साखऱ्याला असतात. उद्या सकाळच्या जीपनं मी निघतोय. वाटेत एक शब्दही सजवणार नाही. त्यांच्या दारात उभं राहून एवढंच सांगायचं — सर, कागद तुम्ही बराबर वळला होता. छर्रा मी घातला.