हळद लावलेली कोकरं

सत्यशीलाबाईंनी चष्मा काढला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "आता काय चुकलं?"

"समदंच," चांगुणाबाई म्हणाली.

सेनगावला पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या सत्यशीलाबाई आत्मकथन लिहीत होत्या. बालमैत्रिणीवरचं प्रकरण उद्या छापखान्यात द्यायचं होतं. आधी तिलाच ऐकवावं, हा मोह त्यांना नडला. सकाळपासून चांगुणाबाई मेंढ्यांचा रंग, बांधावरचं झाड, स्वतःच्या परकराचं कापड, सगळं दुरुस्त करत बसली होती.

चांगुणाबाईचा बाप दर उन्हाळ्यात सत्यशीलाबाईंच्या वडिलांच्या शेतात मेंढ्या बसवायचा. शेताला खत, त्याला ज्वारी. महिनाभर दोघी एका ताटात जेवायच्या. एका वर्षी त्यांनी कोकरांचं लग्न मांडलं आणि कोकरं ओल्या हळदीनं माखली गेली. संध्याकाळी रानातून आलेल्या मेंढ्यांना आपल्या पिलांचा वासच लागेना. हुंगायच्या आणि ढकलून द्यायच्या. दोन कोकरं उपाशी मेली. बापानं चांगुणाला दोरीनं फोडून काढलं.

"हळद म्या लावली, असं लिवलंस तू. म्या तर पाणी आणाया गेले व्हते."

"तेव्हा बापाला तूच तसं सांगितलंस की!"

"मार खाल्ला तो खाल्ला. पुस्तकात न्हाई खाणार. नात वाचती माझी. आजीला मेंढरातलं काय कळत नव्हतं म्हणंल."

सत्यशीलाबाईंचं डोकं सणकलं. पण हळदीचे हात कुणाचे होते, ते त्यांना पक्कं आठवत होतं.

"बरं बाई, मी लावली. पण माझ्यासाठी मार खाल्लास, तेवढं तरी राहू दे."

"तुझ्यासाठी काहून? तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्या बापानं आमची मेंढरं हाकलली असती. म्हणून गप बसले."

"एवढं एक खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"खरं लिवाया बसलीस ना, मास्तरीण?"

सत्यशीलाबाईंनी दात-ओठ खात दोन पानांवर काट मारली. हळद मी लावली, असं लिहिलं. मग मेंढरं हाकलण्याची भीतीही लिहिली, तिनं सांगितली तशीच. प्रकरण निम्म्यावर आलं. त्यात आता मैत्री कुठे आहे, हे त्यांना दिसेना. मैत्रीण मात्र समोर मांडी घालून बसली होती.

"पुढचं वाच लवकर. गावाकडची जीप निघून जाईल माझी."