समज देण्याचा वर्ग

"हिला इथं उभी करा. तोंड वर्गाकडे."

शिकवणारे साहेब पुण्याहून यायचे. त्यांनी खडूने फरशीवर रेघ ओढली. मी रेघेवर उभी राहिले. समोर खुर्च्या, आणि खुर्च्यांवर कंपनीने सुपरवायझर करायला निवडलेली माणसं. सगळे पुरुष. बाई एकटी, माझ्या बाकावरची कुसुमताई. फळ्यावर लिहिलं होतं, 'कामगाराला समज कशी द्यावी'.

कामगार मी होते.

सकाळी मुकादम म्हणाला होता, "वर्गात बोलावलंय तुला." मला वाटलं, निवडलं. मी नळावर तोंड धुतलं, धुतलेला एप्रन चढवला, केस पुन्हा बांधले. मुकादमाकडूनच एक पेन्सिल मागून घेतली. ती पेन्सिल हातात धरून मी त्या रेघेवर उभी होते.

"समजा, हिने बाटल्या नीट धुतल्या नाहीत," साहेब वर्गाला म्हणाले. मग फळ्याकडे वळता वळता मला म्हणाले, "तू मध्ये बोलायचं नाही. शेवटी फक्त 'चुकलं साहेब' म्हणायचं."

एकेक जण उठला. माझ्यासमोर आला. न केलेल्या चुकीबद्दल मला बोलला. मी म्हणत गेले, चुकलं साहेब. चुकलं साहेब. ज्याला ती शिकवणी नीट जमे त्याला साहेब "छान" म्हणायचे.

स्टोअरमधला एक जण उठला. त्याला रंग चढला होता. तो म्हणाला, "तुमच्या लोकांना धुण्यापुसण्याचं वळणच नसतं. ही कंपनी आहे, महारवाडा नव्हे."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. एवढ्यावरच मला धीर आला. आता साहेब त्याला बोलतील. साहेब बोलले.

"आवाज फार चढला तुमचा. समज देताना आवाज खाली ठेवायचा. बाकी मुद्द्याला धरून होतं."

कुसुमताईने ते लिहून घेतलं. मी बघितलं. मान खाली घालून, सावकाश, ठळक अक्षरात तिने लिहिलं, आवाज खाली ठेवावा.

मग चहा आला. कपबशीत. "झालं, जा तू," साहेब म्हणाले.

मी चिखलीची. गावाबाहेरच्या वस्तीतली. आदल्या साली आमच्या सगळ्या वस्तीने धम्म घेतला होता. बापाने गावकीची कामं टाकली होती. गावाच्या तोंडातलं आमचं नाव मात्र जुनंच होतं, आणि पिंपरीच्या माळावर औषधांची कंपनी उभी राहिली तेव्हा ते नाव आमच्याआधी तिथं जाऊन पोचलं होतं.

कुसुमताई चिंचवडची. वडील वारलेले, म्हणून नोकरीला आलेली. आम्ही एकाच दिवशी लागलो. बाटल्या धुण्याच्या खात्यात, एकाच बाकावर. दोघींची सातवी फायनल झालेली. वयही सारखंच. तरी मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला अगं तू. तेव्हा ते खटकायचं नाही. एका पाण्यात आमचे हात असायचे. गरम सोड्याने दोघींचीही बोटं सोलवटायची. डबा मात्र ती खिडकीशी बसून खायची, आणि मी बाहेर भिंतीच्या सावलीला.

मग तिला वर्गाला निवडलं.

मला हेवा वाटला. रागाला माणसं मान देतात, हेव्याला नाक मुरडतात. पण मला जे वाटलं ते हेवाच होता, आणि तो पोटात निखाऱ्यासारखा होता. ती बाकावरून उठून वर्गाला जायची तेव्हा तिची जागा रिकामी व्हायची, पण बाटल्या तेवढ्याच यायच्या. त्या मी धुवायचे. ती परत यायची तेव्हा तिच्या बोटाला शाई असायची. मला त्या शाईचा हेवा वाटायचा. ती "प्रोसिजर" म्हणायला शिकली. इतकं सहज म्हणायची, जणू आईच्या दुधातून तो शब्द आला होता. मी घरी जाताना रानात एकटी असले की तो शब्द मोठ्याने म्हणून बघायचे. माझ्या जिभेवर तो अडखळायचा. मग तिचा आणखी हेवा वाटायचा.

आणि सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो एका गोष्टीचा. आम्हाला सांगत, हे कर. तिला सांगत, हे का करायचं. बाटली आधी सोड्यात का, मग वाफेवर का. काम वाटून का द्यायचं. माणूस चुकला तर आधी त्याला काय विचारायचं. ती जेवताना खिडकीतून थोडंफार सांगायची. मी ऐकत नाही असं दाखवायचे आणि शब्द न् शब्द गिळायचे.

त्या खडूच्या रेघेनंतर मी लेबर ऑफिसरकडे गेले.

"मलाही वर्गाला बसायचंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती शिकलीस?"

"सातवी फायनल. कुसुमताईंचीही तेवढीच आहे."

"तिच्या घरचं वळण वेगळं. बोलणं शुद्ध. बायका तिचं ऐकतात."

"माझं का नाही ऐकणार?"

माणूस वाईट नव्हता, मऊ बोलायचा. "उगाच वाद कशाला? आणि वर्गात तुझा उपयोग होतोच आहे की."

उपयोग. झाडूचा होतो तसा.

घरी आईला सांगितलं. आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "पोरी, पगार मिळतुया न्हवं? उभं ऱ्हायला सांगत्यात तर ऱ्हा. आमी तर उकिरड्यावर उभं ऱ्हायलो." मी जेवले नाही. आईही नाही.

वर्गाचा शेवटचा दिवस आला. मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब बघायला येणार होते. मला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मी केस बांधले नाहीत. ओल्या एप्रनवर तशीच गेले. रेघ नव्याने ओढलेली होती.

कुसुमताईला पुढे बोलावलं. तिची खुर्ची रिकामी झाली. ती माझ्यासमोर उभी राहिली. आवाज खाली. चेहरा असा, की जणू आम्ही कधी एका पाण्यात हात घातलेच नव्हते.

"तुझ्या कामात कसूर आढळली आहे," ती म्हणाली. "समज देण्याआधी तुझं म्हणणं ऐकून घेणं हे माझं काम आहे. तुला काही सांगायचं आहे?"

ते पाठ केलेलं होतं. माझं उत्तरही ठरलेलं होतं. मोठे साहेब मान डोलावत होते. ती किती चांगलं बोलते याचा मला त्या क्षणीही हेवा वाटला. तोच निखारा वर आला.

"व्हय," मी म्हणाले. "सांगायचं हाय."

शिकवणारे साहेब खाकरले.

"कसूर झालेली न्हाई. कुणी बाटली बघितली न्हाई, मला बघितलं. मला वर्गात उभं करायला जागा हाय, बसवायला न्हाई. आता मी नमुना म्हणून उभी ऱ्हाणार न्हाई."

आणि मी रेघ ओलांडली. कुसुमताईच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारच्याने आपली खुर्ची लांब सरकवली. तिचे पाय फरशीवर करकरले, तेवढाच आवाज.

"ऊठ," शिकवणारे साहेब म्हणाले.

"न्हाई."

आवाज खाली ठेवायचा हे ते स्वतःच विसरले. ओरडले. मला हाताला धरून उठवायचं तर हात लावावा लागणार होता. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मोठे साहेब उठले, आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग बाहेर गेला. मी बसून होते. फळ्यावरचं सगळं वाचून झालं, मग उठले.

दुसऱ्या दिवशी मला लेखी समज मिळाली. कारकुनाने सही न विचारता शाईचं पॅड पुढे सरकवलं, अंगठ्यासाठी. मी त्याच्या कानामागचा टाक मागितला आणि लिहिलं, मान्य नाही. खाली सही केली. त्यांनी मला फुटक्या काचेच्या शेडमध्ये टाकलं. तिथं पत्र्याखाली काच निवडायची. हात रोज कापायचे.

कुसुमताई एकदा शेडपाशी आली. ती सुपरवायझर झाली होती.

"काय वाकडं केलं होतं गं मी तुझं? सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस. इतका राग?"

"राग न्हाई, ताई. मला तुमचा हेवा वाटतो. अजून वाटतो."

ती लाल झाली. हेवा वाटतो असं तोंडावर कुणी सांगत नाही. तिला वाटलं असावं, मी लाजेन. मी काच निवडत राहिले. ती निघून गेली.

त्या रात्री आईने विचारलं, "खुर्ची कशी व्हती गं?"

"टणक."

आई हसली नाही. म्हणाली, "मग बसायची सवं लागंल."

पावसाळा सरल्यावर नव्या वर्गाची नोटीस लागली. जेवणाच्या सुट्टीत मी लेबर ऑफिसरच्या दारात जाऊन उभी राहिले. हाताला चिंधी बांधलेली होती. आत कारकून होते, टायपिस्ट होता, दोन मुकादम होते.

"पुन्हा आलीस?"

"आले. दर वर्गाला येणार. माझं नाव घाला. घालणार नसाल तर का नाही, ते या चार माणसांत तोंडाने सांगा. वळण म्हणू नका, वाद म्हणू नका. जात म्हणा. तेवढं तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

कामाचा भोंगा झाला. टायपिस्टचं यंत्र थांबलेलंच होतं.

मी हलले नाही.