दातांत टाचण्या

टेपताईंचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते कुणी घेत नाही. गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून टेपताई. एकतीस वर्षं त्या कपडे शिवतात. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर त्यांचं घर, दुसऱ्यावर आमचं. इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन मी घरी बसले होते, तेव्हा आमची गट्टी जमली.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "ए पदवी, मला इंग्रजी शिकव."

"बोलता की तुम्ही."

"बोलते. पण समोरच्याला कळत नाही."

कपड्यांच्या कारखान्याचं एक प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे नाना भाषांच्या मुली येत, म्हणून शिकवणं इंग्रजीत. शिक्षिकेच्या जागेसाठी टेपताईंनी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा हातकामाला पैकीच्या पैकी गुण पडले आणि बोलण्यापाशी घोडं अडलं. वयाची अट बावन्न. त्यांना एक्कावन्न पूर्ण झाली होती. आता ही शेवटची खेप.

आम्ही दुकानातल्याच शब्दांपासून सुरुवात केली. पहिला मीच सांगितला. शिवणे म्हणजे स्यू.

त्यांनी मोबाइलवर ऐकून पाहिलं. "हा तर सो म्हणतोय."

तो शब्द मी शेकडो वेळा वाचला होता. उच्चारला कधीच नव्हता.

"पदवी तुझी का मोबाइलची?" त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

मग दोघीही शिकू लागलो. सिझर्समधला सी गिळायचा. आयर्नमधला आर शेवटी ढकलायचा. व्हेस्ट म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. वेस्ट म्हणजे कंबर म्हणताना ओठांचा चंबू करायचा. टेपताई आरशासमोर चंबू करत. कोपऱ्यात बटणं निवडणाऱ्या त्यांच्या सासूबाई म्हणत, "सूनबाई, गिऱ्हाईक पळेल हो."

"पळू दे आई. माप माझ्याकडे आहे त्यांचं."

गाडी अडली ती थ्रेड, थिंबल म्हणजे बोटातलं अंगुस्तान, विड्थ या शब्दांवर. आपला थ दातांमागे आपटतो. इंग्रजीतला दातांमधून हवा सोडत जातो. मी ओठांसमोर दोरा धरायला सांगितलं. आपल्या थला दोरा एक झटका खातो. त्यांच्या थला थरथरत राहतो. टेपताईंचा दोरा झटकेच खात होता. त्यांची जीभ पुढे येतच नव्हती. दातांपर्यंत यायची आणि माघारी फिरायची.

आठवडा गेला तसाच. मग एकदा मी त्यांना काम करताना पाहत होते. दातांत चार टाचण्या. तशाच त्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, माप सांगत होत्या, सासूबाईंना उत्तर देत होत्या. ओठ जेमतेम हलत होते.

"ताई, टाचण्या!"

"हं?"

"जीभ पुढे आली की टोचत असेल ना?"

त्या थांबल्या. चारही टाचण्या हातात घेतल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षं त्यांच्या जिभेला एकच शिस्त होती. आत राहायचं.

दुसऱ्या दिवशी मनगटावर टाचण्यांची उशी आली. मूळव्याधीवर औषध मिळतं, या सवयीवर नाही, असं त्या म्हणायच्या. हात आपोआप तोंडाकडे जायचा. सासूबाई कोपऱ्यातून ओरडायच्या, "गेला बघ हात!" तीन महिन्यांनी दोरा थरथरला. टेपताईंनी तो जपून वहीत ठेवला नाही की काही नाही. सुईत ओवला आणि काज करायला घेतलं.

परीक्षेला कपडा अंगावर बसवून घ्यायला एक व्यक्ती आणायची होती. मी गेले.

मोठी खोली. बाकांवर बारा मुली, बाजूला केंद्रप्रमुख बाई. मी स्टुलावर उभी, अंगात सैल झगा. तो कमरेत बसवून दाखवायचा आणि करताना सगळं इंग्रजीत सांगायचं.

सुरुवात झकास झाली. कॉलर, स्लीव्ह, मेझर. शब्द सुटे आणि स्वच्छ येत होते. मग त्या माझ्या कमरेशी वाकल्या. दोन्ही हात कापडात गुंतले. आणि मी पाहिलं, तीन टाचण्या दातांत गेल्या होत्या.

बोलणं पुटपुटण्यावर आलं. पहिल्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. केंद्रप्रमुख बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला बोलायची परवानगी नव्हती.

टेपताई थांबल्या. सरळ उभ्या राहिल्या. एकेक टाचणी काढून उशीत खोचली. घाई केली नाही. मग मुलींकडे वळल्या आणि इंग्रजीतच म्हणाल्या, "तुम्ही आता जे पाहिलं, ती माझी चूक. एकतीस वर्षांची. हात अडकले की टाचण्या तोंडात जातात. तुमच्याही जातील. जाऊ देऊ नका. तोंड बोलण्यासाठी लागतं."

एवढं बोलून त्यांनी पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. थ्रेड म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये दिसलं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "थ्रेड." कुणी सांगितलं नव्हतं. टेपताईंनी मान हलवली, "लाउडर." मग बाराही जणी म्हणाल्या. थिंबल. विड्थ. वेस्ट. मधेच एकीचं चुकलं, तिला त्यांनी तोंडासमोर दोरा धरायला लावला आणि झग्याची कंबर तेवढ्यात बसवूनही टाकली.

केंद्रप्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्याही ओठ हलवत होत्या.

मी चार वर्षं भाषा शिकले. बोलण्यासाठी इतका जीव पणाला लावलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या स्टुलावर मला माझ्या उंचीपेक्षा उंच वाटत होतं, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

तासाभराने निकाल सांगितला. सोमवारपासून रुजू व्हायचं.

घरी आलो. दुकानात एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं. सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. "सोमवारपासून, आई," टेपताई म्हणाल्या. सासूबाई गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाल्या, "तुमचा शर्ट रविवारी न्या. सोमवारपासून आमच्या मॅडमना वेळ नाही."