नाल्यापलीकडची चूल

आमच्या घरापासून परराज्य साठ पावलांवर आहे. नवापूरच्या पश्चिमेला आमचं गाव, आणि गावाच्या कडेने एक नाला. नाल्याच्या अलीकडे इंग्रज सरकार, पलीकडे बडोदा संस्थान. म्हशींना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या इंग्रजीत चरतात आणि गायकवाडीत डुंबतात. माझी माय दगूबाई मात्र आठ वर्षं हा फरक मनापासून पाळत होती, आणि त्याला कारण मी.

१९३१ साली मी मॅट्रिक पास झालो. घरात आनंद झाला, तो संध्याकाळपर्यंत टिकला. मग बडोद्याच्या कॉलेजचं पत्रक आलं. आप्पा, म्हणजे माझे वडील मगन नाकेदार, जंगल खात्याच्या नाक्यावर बांबूच्या गाड्या मोजायचे. त्यांच्या पगारात एक तर फी बसत होती, नाही तर आम्ही बसत होतो. दोघं एकदम बसत नव्हतो. मुंबई-पुण्याचं तर नावच नको. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मी सात वेळा वाचली: संस्थानातल्या रहिवाशांच्या मुलांना फी निम्मी, तलाठ्याचा दाखला जोडावा.

"रहिवासी म्हणजे काय रे?" आप्पांनी विचारलं.

"जो तिथे राहतो तो."

"मग आपलं पल्याड शेत शे ना!"

होतं. दीड बिघा, मायच्या मामाने तिला आंदण दिलेलं, आणि त्यात एक खोपी. आप्पा उत्साहाने पलीकडच्या तलाठ्याकडे गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. तलाठी गुजराती, वयस्कर आणि नेमाचा माणूस. त्याने एकच विचारलं होतं, "खेतर तो छे, पण चूलो क्यां छे?" शेत आहे हो, पण चूल कुठे आहे? ज्याची चूल पेटते तो रहिवासी. पुढच्या आठवड्यात तो स्वतः बघायला येणार होता.

"त्यात काय," आप्पा मायला म्हणाले, "तो येईल त्या दिवशी तिकडे तीन दगड मांड, भात टाक. तो गेला की भात घेऊन घरी ये."

आता माय कशी आहे ते सांगायला हवं. बाजारातून आणलेल्या वांग्यांत एक जास्त निघालं, म्हणून ती नवापूरला परत गेली होती. चालत. वांगं परत केलं, आणि एवढं आलोच आहोत तर म्हणून आणखी पावशेर घेऊन आली.

"मन्हा तोंडथीन खोटं निंघत नई," ती म्हणाली. "पोऱ्यानं शिक्षण मन्हा खोटावर नको. ऱ्हास म्हणानं व्हई, तर ऱ्हावाले लागस."

राहते म्हणायचं तर राहायला पाहिजे! झालं. दुसऱ्या दिवशी तिने घरची चूल विझवली, पलीकडे मातीची नवी चूल घातली आणि भांडी, घोंगडी, देव्हारा घेऊन परराज्यात गेली. आप्पा अलीकडेच राहिले, कारण नाका इंग्रजांचा. रोज दुपारी ती भाकरी घेऊन नाला ओलांडायची आणि नाक्यासमोरच्या पारावर बसलेले दोधूकाका ओरडायचे, "मगनभो, भाकरीवर जकात भरी का? परदेशी माल शे!"

आप्पा जकात न भरता जेवायचे.

तलाठी येईपर्यंत आप्पांनी मायची तयारी करून घेतली. "तो एवढंच विचारेल, कुठे राहता. तू सांगायचं, आठे शे." आठे शे म्हणजे आमच्या अहिराणीत 'इथे आहे'. माय आठवडाभर गोवऱ्या थापताना, दळताना, म्हशीला हाकताना म्हणत होती, "आठे शे, आठे शे." म्हैससुद्धा त्या शब्दाला थांबायला शिकली.

तलाठी आला. खोपी बघितली, चूल बघितली, राखेत काडी घालून खालची राखही बघितली. खूश झाला. मग वही उघडली. त्याच्या छापील कागदावर आणखी एक रकाना होता, आणि तो आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता.

"बेन, केटलां वरसथी अहीं रहो छो?"

किती वर्षं इथे राहता? माय फुंकणीने चूल फुंकत होती. डोळ्यांत धूर, कानांत फोडणी. 'रहो' एवढा एक शब्द तिला ऐकू आला. तिने मान वर केली आणि आठ दिवसांची तयारी एका दमात सांगितली.

"आठे शे!"

"आठ छे?" तलाठी म्हणाला. गुजरातीत आठ छे म्हणजे आठ आहेत.

"हाव. आठे शे."

"सरस!" आणि त्याने रकान्यात आठ लिहिलं.

मला कळलं. आप्पांनाही कळलं, कारण त्यांना एकाएकी खोकला आला आणि त्यांचा पाय माझ्या पायावर पडला. तलाठी बांध उतरून दिसेनासा होईपर्यंत तो पाय तिथेच होता.

मी बडोद्याला जाऊन कागद दिला. कारकुनाने चष्मा पुसून वाचला. "आठ वर्षं. ठीक. पाचाच्या आत असतं, तर चाललं नसतं." निम्मी फी मंजूर झाली. हा विनोद घरी सांगायची मला इतकी घाई झाली की गाडी बदलायला सुरतेला उतरलो तोही मी हसतच.

माय हसली नाही.

"कागदवर आठ वरीस लिखेल शेतस?"

"हो ना!"

"आनि मी आठच दिन ऱ्हायनू?"

"अवो, तू कुठं खोटं बोलली?" आप्पा म्हणाले. "त्याने चुकीचं ऐकलं."

"तुम्हीन दोन्ही उभा व्हतात ना? तुम्हीन आयकं का नई?"

आप्पांना पुन्हा खोकला आला. पण या खेपेला तो चालला नाही. मला वाटलं, आता ही कागद परत करायला लावणार, वांग्यासारखा. माझं कॉलेज त्या चुलीच्या धुरात विरताना मला दिसत होतं. मायने चुलीतली राख सारली. मग म्हणाली, "कागद तर फिरत नई. मंग मीबी फिरस नई. आठ वरीस आठेच ऱ्हासू."

आणि राहिली. मी चार वर्षांची बी.ए. पाच वर्षांत केली, तेव्हा तिची तीन उरली होती. मला नवापूरला शाळेत नोकरी लागली, तेव्हाही ती पलीकडेच. पावसाळ्यात नाला भरला की ती त्या काठावरून फडक्यात बांधलेली भाकरी फेकायची. आप्पांचा झेल वाईट. गायकवाडी भाकऱ्या वाहत वाहत कुठवर गेल्या, ते त्या नाल्याला माहीत. सातव्या वर्षी आप्पांनी पंचांग काढून, अधिक महिने धरून, तीन महिने सूट मागितली. "तलाठ्याने अधिक महिना लिखा व्हता का?" एवढंच तिने विचारलं.

मुदत भरली त्या दिवशी मी आणि आप्पा तिचं सामान आणायला बैलगाडी घेऊन गेलो. तेवढ्यात नवा तलाठी जुन्या नोंदी तपासायला वही घेऊन दारात. जुना केव्हाच निवृत्त झाला होता. हा तरुण, घाईतला.

"बेन, केटलां वरसथी अहीं रहो छो?"

मी आणि आप्पांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पांना खोकला आला नाही. मायने फुंकणी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि आठ वर्षांत शिकलेल्या स्वच्छ गुजरातीत म्हणाली,

"आठ छे."

त्याने लिहून घेतलं. तिने मान वाकडी करून तो आकडा नीट पाहिला. मग आमच्याकडे वळली.

"आते उचला भांडा."